टुरिस्ट पासिंगचे जावई

“मी ह्या बाईंना ओळखत नाय,” ते गृहस्थ म्हणाले.

त्याच वेळी त्या बाईंनी त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसला आणि उपरण्याची घडी घालून ते परत त्यांच्या खांद्यावर ठेवलं. गृहस्थांनी त्यासाठी खांदा थोडा पुढे करून दिला. यात काही वावगं आहे असं दोघांच्याही मनात आलं नाही.

“आणि बाई, तुम्ही ह्यांना ओळखता?” मी विचारलं.

“ह्यांना? नाय बा,” बाई म्हणाल्या. मग खात्री करून घ्यावी म्हणून नवऱ्याकडे वळल्या. “अहो, मी ओळखते का हो तुम्हाला?”

मी मोटार वाहन निरीक्षक आहे. लोक आरटीओ मॅडम म्हणतात. पाठीमागे आणखीही काही म्हणतात, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. नोकरीत माझ्याशी खोटं बोलणारे हजारांनी भेटले. त्याचं मला वाईट वाटत नाही, तो कामाचाच भाग आहे. पण स्वतःचंच नुकसान होईल असं खोटं, तेही इतक्या मन लावून बोलणारं कुटुंब मी एकदाच पाहिलं.

अधिक महिना चालू होता. देवदर्शनाला जाणाऱ्यांची वेरूळच्या रस्त्याला रीघ लागलेली. आमचं पथक दौलताबादच्या अलीकडे एका वडाखाली उभं होतं. पथक म्हणजे मी, सरकारी जीप आणि जीपचे ड्रायव्हर शेखभाई. ऊन असं होतं की शेखभाई जीपचं दार रुमालात धरून उघडत होते.

त्या आठवड्यात साहेबांचा हुकूम होता, टप्पा वाहतूक धरा. हा शब्द आमच्या ऑफिसबाहेर फारसा कोणाला कळत नाही, म्हणून सांगते. तुम्ही टॅक्सी ठरवता तेव्हा पूर्ण गाडी तुमची असते. एक पार्टी, एक प्रवास. पण ड्रायव्हरनं वाटेत एकाला इथं घेतलं, दुसऱ्याला तिथं उतरवलं, प्रत्येकाकडून सीटचे वेगळे पैसे घेतले, की ती झाली टप्पा वाहतूक. ते काम एसटीचं. टॅक्सीनं ते केलं तर परमिटची अट मोडते. मग गाडी अटकावून डेपोत लावता येते, आणि पुढे परमिटही काही दिवस बंद होऊ शकतं. ज्याचं घर त्या गाडीवर चालतं त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नाही.

तर वेरूळकडून एक पांढरी कार आली. पाटी पिवळी. पिवळी पाटी म्हणजे टुरिस्ट पासिंग, म्हणजे भाड्यानं चालवायची गाडी. पाटी पांढरी असली की प्रायव्हेट. मी हात केला, गाडी थांबली.

ड्रायव्हर तिशीतला, संतोष नावाचा. गाडीचा मालकही तोच. अंगात खाकी शर्ट, आणि त्या शर्टाखालून मोतिया रंगाच्या सिल्कच्या झब्ब्याचा घेर वीतभर लोंबत होता. एवढ्या उन्हात एकावर एक दोन कपडे घालणारा माणूस मला संशयास्पद वाटला. पण कागद बघितले तर सगळे चोख. फिटनेस चालू, टॅक्स भरलेला, परमिट, विमा, पीयूसी. असे कागद रोज बघायला मिळाले तर माझं बीपी खाली येईल. मी फाईल परत केली आणि जाता जाता विचारलं, “भाडं कुठलं?”

संतोषनं तोंड उघडलं. पण मागून उत्तर आलं.

“मी वेरूळला बसलो!” उपरणंवाले गृहस्थ गरजले. नाव रंगनाथराव, सरकारी नोकरीतून रिटायर, राहणार पडेगाव. हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं.

“मी खुलताबादला बसले,” त्यांच्या शेजारच्या बाई म्हणाल्या.

“मी दौलताबादला,” तिसरी म्हणाली. ही तरुण होती, हिरवी पैठणी, नाकात नथ. दौलताबादच्या फाट्यावर उभं राहून जीपला हात करणारी बाई नथ घालून उभी राहत नाही.

“कोणी कोणाचं नाही?” मी विचारलं.

“कुणी कुणाचं नाय,” रंगनाथराव म्हणाले. “वाटंत वाटंत बसलो. सीटवर.”

मी शेखभाईंकडे बघितलं. शेखभाई आकाशाकडे बघत होते. रंगनाथरावांनी जी तीन वाक्यं अभिमानानं सांगितली होती, ती तिन्ही मिळून टप्पा वाहतुकीची व्याख्या होत होती. आमच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा कोणी ती इतकी सोपी करून सांगितली नव्हती.

शेखभाई माझ्या कानाशी आले. “मॅडम, इनके नाकां तो देखो. बाप-बेटीका एकच नाक है.”

नाक खरंच एकच होतं. शिवाय मागच्या सीटवर एक नारळ, एक पूजेचं ताट आणि मांडीवर धरलेला एक मोठा स्टीलचा डबा होता. तीन अनोळखी माणसांत एक नारळ.

“बाई, डब्यात काय?”

“अनारसे. तेहतीस हायेत. जावयाचं वाण हाय. देवाला दाखवून आणलं,” बाई एका दमात म्हणाल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. “म्हंजे... माझ्या जावयाचं. ते तिकडं हायेत. लांब.”

‘तिकडं’ म्हणताना त्यांनी बोट मात्र ड्रायव्हरच्या सीटकडे केलं.

मी सगळ्यांना खाली उतरून सावलीत यायला सांगितलं. बाईंना विचारलं, “तुमच्या शेजारी जे बसले होते, त्यांचं नाव तरी कळलं का प्रवासात?”

बाई लाजल्या. अगदी मान खाली घालून, पदर बोटाला गुंडाळत लाजल्या. “नाव कसं घेऊ, मॅडम?”

“परक्या माणसाचं नाव घ्यायला काय हरकत आहे?”

बाईंची फार पंचाईत झाली. सरकारी बाई नाव विचारते आहे, सांगितलं नाही तर काय होईल कोण जाणे. आणि नुसतं नाव तर त्यांनी लग्नापासून घेतलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाल्या:

“वेरूळच्या महादेवाची मनोभावे केली पूजा,
रंगनाथरावांचं नाव घेते, हा प्रवासी आहे दुजा.”

शेखभाई जीपमागे गेले. त्यांच्या खोकल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

आता मला राग यायला लागला होता. खोटं बोलण्याचा नाही, वेळेचा. मी रंगनाथरावांना बाजूला घेतलं. “काका, तुम्ही सगळे एका घरचे आहात हे त्या वडालासुद्धा कळलंय. खोटं कशासाठी बोलताय?”

“मॅडम, माझी हयात सरकारी नोकरीत गेली. मला नियम माहीत हाय,” ते हळूच म्हणाले. “टुरिस्ट पासिंगच्या गाडीत घरचे लोक चालत नायत. धंद्याची गाडी घरच्या कामाला वापरली की जप्ती.”

“कोणी सांगितलं?”

“सगळ्यांना माहीत हाय.”

हा ‘सगळ्यांना माहीत’ असलेला नियम कुठल्याच पुस्तकात नाही. तो एकदाच नीट सांगून ठेवते. टॅक्सीच्या मालकानं आपल्या आईबापाला, बायकोला, सासूसासऱ्यांना गाडीत घालून कुठंही न्यावं, कायदा काही म्हणत नाही. फक्त गाडी त्या दिवशीही टॅक्सीच असते. म्हणजे फिटनेस, परमिट, टॅक्स, विमा सगळं चालू पाहिजे आणि सीट जेवढ्या पास केल्यात तेवढीच माणसं पाहिजेत. मागे सासूबाई बसल्या म्हणून फिटनेस संपलेली गाडी चालत नाही. मालाच्या टेम्पोत मात्र घरच्यांनाही बसवता येत नाही, कारण तो मालासाठी पास झालेला असतो आणि सासूबाई माल नाहीत. आणि उलटं चालत नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारलं तर गुन्हा.

त्यामुळे आम्हाला रोज जे खोटं ऐकू येतं ते बरोबर उलटं असतं. पांढऱ्या पाटीच्या जीपमध्ये कोंबलेली माणसं आम्हाला बघितल्याबरोबर एकमेकांचे नातेवाईक होतात. एकदा एका जीपवाल्यानं सगळ्या पुरुषांना मामा म्हणून सांगितलं होतं आणि त्यातल्या एकाही मामाला भाच्याचं नाव माहीत नव्हतं. इथं सख्खे नातेवाईक परके व्हायला बघत होते.

मी हे सगळं रंगनाथरावांना सांगितलं. “खरं सांगा आणि घरी जा. नातेवाईक असाल तर केसच नाही.”

ते माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसले. “मॅडम, मीपण हापिसात असंच गोड बोलून कबूल करून घ्यायचो.”

मी तरुणीकडे वळले. तिचं नाव मनीषा. ती बापाकडेच बघत राहिली. मग संतोषकडे वळले. “तुम्ही सांगा. हे कोण तुमचे?”

संतोषच्या चेहऱ्यावरून घाम निथळत होता. तो म्हणाला, “मॅडम, खरं सांगायचं तर...”

“ओ मॅडम!” रंगनाथराव मध्येच आले. “त्याला काय विचारायलात? ड्रायव्हर लोकांचं काय ऐकायचं? आज हे म्हणतेल, उद्या ते. त्यांना काय, चार पैसे भेटले की कुणालाबी बसवतेत.”

संतोषचं तोंड मिटलं. मनीषानं वडिलांकडे असं बघितलं की मी असते तर एक पाऊल मागे गेले असते. रंगनाथराव मात्र खूश होते. त्यांना वाटलं, जावयाला वाचवलं.

तेवढ्यात साहेबांचा फोन.

“मॅडम, टप्प्याची केस झाली का?”

“एक गाडी आहे सर. पण घरचे लोक वाटतात.”

“ते काय म्हणतात?”

“अनोळखी म्हणतात.”

“मग त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का त्यांचं नातं?”

“सर, कळतं.”

“वाटण्यावर केस सोडता येत नाही. लिहा. मी खुलताबादहून निघालोय, वाटेत बघतो.”

साहेबांचंही चुकत नव्हतं. आज मी नाकावरून गाडी सोडली असती तर उद्या प्रत्येक जीपवाला मला नाक दाखवत बसला असता. मी चलनाचं मशीन हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तुम्ही जे बोलला त्याप्रमाणे ही टप्पा वाहतूक आहे. आता गाडी इथून डेपोत जाईल, आणि परमिटवर कारवाईसाठी कागद वर जाईल.

“परमिट?” रंगनाथराव म्हणाले. “परमिट कशाला? घरचे नायत म्हणून तर सांगितलं!”

“घरचे नाहीत म्हणूनच जातंय.”

हे वाक्य त्यांच्या डोक्यात उतरायला थोडा वेळ लागला. उतरल्यावर ते पांढरे पडले. “अहो जावई हायेत आमचे! संतोषराव! ही मनीषा, माझी पोरगी. ही माझी बायको. माझी सख्खी बायको हाय!”

बाई जोरजोरात मान हलवत होत्या. “व्हय मॅडम, लई दिवसाची हाय मी ह्यांची.”

मी मशीन बंद करायला घेतलं. संतोषला म्हटलं, “झालं. तुम्ही फक्त एकदा हो म्हणा, की निघा.”

संतोष म्हणाला, “मी ह्यांना ओळखत नाही.”

“काय?”

“मी ड्रायव्हर आहे, मॅडम. ड्रायव्हर लोकांचं काय ऐकता? हे गृहस्थ वेरूळला बसले, बाई खुलताबादला बसल्या. तुम्ही केस लिहा.”

आणि तो वडाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन मुळीवर बसला. आमच्याकडे पाठ करून.

जावई रुसला होता. आणि रुसायला त्यानं दिवस असा निवडला होता की विचारू नका. पहिल्याच अधिक महिन्याचं धोंडेजेवण. घरी पुरणाचे धोंडे तयार, साजूक तूप वितळवून ठेवलेलं. दर्शन करून यायचं, जावयाला जेवू घालायचं, वाण द्यायचं, असा बेत. आणि जावई जेवल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही असं सासूबाईंनी देवाला सांगितलेलं. हे मला त्यांनी आता रडत रडत सांगितलं.

“पहाटंपासून पोटात काय नाय, मॅडम,” त्या म्हणाल्या. “आता हे उठले नाय तर मी आशीच बसायची का?”

रंगनाथराव गेले समजूत काढायला. मला सगळं ऐकू येत होतं.

“संतोषराव, चला. अंगठी देतो.”

संतोष काडीनं मातीत रेघा ओढत राहिला.

“अंगठी आन् चेन.”

“गाडी इथंच राहील. तुम्ही दुसरी टॅक्सी बघा. सीटवर.”

मनीषाचा संयम इथं संपला. “तुमी दोघं बसा इथं! मी एकटी जाते घरी आन् सगळे धोंडे एकटी खाते,” असं म्हणून ती पैठणी सावरत रस्त्यावर गेली. समोरून एक काळी जीप येत होती. ठासून भरलेली. टपावर माणसं, मागच्या पायरीवर माणसं, आणि ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलाही एक माणूस, तो का होता देव जाणे. शंभर नंबरी टप्पा वाहतूक. मनीषानं हात केला. जीप हळू झाली. मग ड्रायव्हरला माझा युनिफॉर्म दिसला, त्यानं मला लवून सलाम केला आणि जीप जी पळवली ती धुळीत दिसेनाशी झाली. शेखभाई जीपची किल्ली शोधेपर्यंत ती मिटमिट्याला पोचली असेल.

आठवडाभर ज्या गाडीसाठी उन्हात उभी होते ती समोरून गेली आणि मी जावयाच्या रुसव्यात अडकलेली. मला तेव्हा रडू यायचंच बाकी होतं.

मी वडाला वळसा घालून संतोषकडे गेले. दम द्यायला गेले होते. म्हटलं, “तुमचं परमिट जाईल, कळतंय का? हट्टानं स्वतःची गाडी घालवणार?”

“जाऊ द्या.”

“सासऱ्यांनी कबूल केलंय. सगळ्यांसमोर जावई म्हणाले.”

“चलन फाटायची भीती होती म्हणून म्हणाले,” तो म्हणाला. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, “मॅडम, पडेगावला गल्लीत ह्यांनी सांगून ठेवलंय, जावई शेंद्र्याला कंपनीत आहे. सुपरवायझर. मला गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून पायी यायला सांगतात. आजपण गल्लीतनं निघताना मला हा खाकी शर्ट दिला, वरून घाल म्हणाले, भाड्याची गाडी मागवलीय असं दिसलं पाहिजे. सिल्कचा झब्बा त्यांनीच शिवलाय माझ्या मापाचा. घरात घालायला.”

परमिटच्या अटी मला पाठ आहेत, पण हे कुठल्या कलमात बसत नाही. त्या माणसाचे कागद मी बघितले होते. स्वतःच्या कमाईवर गाडी घेऊन एकही तारीख न चुकवणारा माणूस. मला त्याच्या सासऱ्याचा भयंकर राग आला, आणि थोडा त्याचाही. कारण रुसून तो स्वतःचंच पोट मारणार होता.

मी रंगनाथरावांकडे गेले आणि आवाज चढवला. “काका, साहेब येतायत. ड्रायव्हर म्हणतो हे प्रवासी, तुम्ही म्हणता जावई. मला पुरावा पाहिजे. आत्ता. अंगठी-चेन नको, पुरावा द्या.”

“पुरावा कुठून आणू? लग्नाचा फोटो घरी हाय.”

“मला माहीत नाही. असं काहीतरी करा, जे माणूस टॅक्सीवाल्याच्या बाबतीत करत नाही, जावयाच्या बाबतीत करतो.”

खरं तर मी रागात बोलून गेले. माझ्या डोक्यात काहीही नव्हतं. पण सासूबाईंचे डोळे एकदम चमकले. त्यांनी गाडीतून पूजेचं ताट काढलं, पाण्याची बाटली काढली आणि ती नवऱ्याच्या हातात दिली.

“चला,” त्या म्हणाल्या.

“इथं?”

“इथंच.”

“अगं रस्ता हाय! वळखीची माणसं जायलीत!”

“मग जाऊ द्या की. भूक मला लागलीय का त्यांना?”

अधिक महिन्यात जावई-लेकीला लक्ष्मी-नारायण मानून त्यांचे पाय धुतात, हे तुम्हाला सांगायला नको. घरी, पाटावर, रांगोळी घालून. रंगनाथरावांनी तेही बहुधा दार लावून उरकायचं ठरवलं असेल. आता त्यांच्या हातात बाटली होती, समोर वेरूळचा रस्ता होता आणि रस्त्याला ही गर्दी. त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. मला वाटलं, नाही करणार.

मग ते चालत वडाला वळसा घालून गेले आणि संतोषसमोर खाली बसले. गुडघे दुखत असावेत, कारण बसताना शेखभाईंचा हात धरावा लागला.

“पाय द्या, संतोषराव.”

“मामा, काय करायलात? उठा!” संतोष ताडकन उभा राहिला.

“बसा. मॅडमचा हुकूम हाय.”

मी असा हुकूम दिलेला नव्हता, पण बोलले नाही. मनीषा येऊन नवऱ्याशेजारी बसली. त्याला हाताला धरून खाली बसवलं. सासूबाई पाणी घालत होत्या, रंगनाथराव पाय धूत होते. धुताना एकदा म्हणाले, “तो शर्ट काढा तो. घाम येईल.” संतोषनं खाकी शर्ट काढला. खाली झब्बा भिजून चिंब झालेला, पण कापड चांगलं होतं.

नेमकी तेव्हाच एक मोटरसायकल थांबली. रंगनाथरावांच्या गल्लीतले कोणी गृहस्थ होते, मागे बायको. “रंगनाथराव? काय झालं हो? अॅक्सिडेंट?”

रंगनाथराव पाठमोरेच पाय धूत राहिले.

“आन् हे पाय काय धुवायलात?”

“धोंडे हायेत आमच्या जावयाचे,” रंगनाथराव म्हणाले.

“रस्त्यावर? आन् जावई तर कंपनीत सुपरवायझर ना? हे तर सकाळी गल्लीत आले होते ते टॅक्सीवाले दिसायलेत.”

संतोषनं पाय मागे घ्यायला सुरुवात केली. रंगनाथरावांनी घोटा धरून ठेवला. वळून त्या मोटरसायकलवाल्याकडे बघितलं आणि संबंध रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “कंपनीत नायत. मी खोटं सांगितलं होतं. ही टॅक्सी त्यांचीच हाय. स्वतःची. स्वतः चालवतेत. आन् आज घरी जेवायला येणार हायेत, आले तर.”

मोटरसायकलवाले ‘बरं बरं’ म्हणत निघून गेले. बातमी ह्या मंडळींच्या आधी पडेगावला पोचणार हे सगळ्यांना कळलं होतं.

संतोष खाली वाकला आणि सासऱ्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं.

याच वेळी साहेबांची गाडी येऊन थांबली. साहेब उतरले. त्यांनी ओले पाय बघितले, ताट बघितलं, पैठणी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, हे काय चाललंय?”

“नात्याचा पुरावा घेतेय, सर.”

“ड्रायव्हर काय म्हणतो?”

मी संतोषकडे बघितलं. तो म्हणाला, “सासरे आहेत, सर. वेरूळला नाही बसले, पडेगावला घरूनच बसले. सगळे एकदम बसले.”

साहेब फार वर्षं नोकरीत आहेत. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नजर मात्र डब्याकडे गेली. सासूबाईंनी ती ओळखली आणि डबा पोटाशी धरला. “साहेब, दिला असता बरं का एक. पण मोजून तेहतीस हायेत. एक कमी झाला तर वाण मोडतंय.”

“नाही नाही, ड्युटीवर आम्ही काही घेत नाही,” साहेब म्हणाले. पण जरा खट्टू झाले हे मला दिसलं.

मंडळी निघाली. रंगनाथराव सवयीनं मागचं दार उघडत होते, मनीषानं त्यांना दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं. मी काचेवर टकटक केली.

“काका, बेल्ट.”

“मी घरचाच हाय की, मॅडम!” ते खुशीत म्हणाले.

“घरच्यांनाही लागतो.”

बेल्ट कसा लावायचा ते त्यांना माहीत नव्हतं. संतोषनं वाकून लावून दिला. गाडी गेली. साहेबांनी मला त्या दिवशी टप्प्याची एकही केस झाली नाही म्हणून मेमो द्यायची धमकी दिली, आणि शेखभाई संध्याकाळपर्यंत मध्येच आठवून हसत राहिले. मला मात्र सासूबाईंनी वाटेत भूक आवरली असेल ना, याचीच काळजी लागून राहिली.

या प्रकरणातून शिकण्यासारखं फार नाही. टुरिस्ट पासिंगच्या गाडीत घरच्यांना बसवायला कायद्याची हरकत नाही, कधीच नव्हती. कागद तेवढे चालू ठेवा. हरकत असलीच तर ती घरच्यांची असते, आणि ती काढण्यासाठी आमच्याकडे कुठलंही मशीन नाही.